घाटातले नैमित्तिक कर्म

शास्त्रकारांनी कर्माचे जे भेद सांगितले आहेत, त्यांत नित्य, नैमित्तिक आणि काम्य हे तीन सर्वांच्या परिचयाचे आहेत. स्नानसंध्या रोजची, म्हणून ती नित्य. ग्रहण लागले की स्नान, मूल जन्मले की जातकर्म, ही नैमित्तिक. म्हणजे निमित्त उपस्थित झाले की करावयाची. आणि पुत्र व्हावा, पाऊस पडावा, स्वर्ग लाभावा, अशी इच्छा धरून करावयाची ती काम्य. काम्य कर्म सोडले तर दोष नाही. ज्याला ते फळ नको, त्याने ते करू नये, इतकेच. परंतु नित्य आणि नैमित्तिक ही टाळली तर प्रत्यवाय लागतो, म्हणजे न केल्याचाच दोष पदरी येतो, असे मीमांसक सांगतात. पाठशाळेत आम्ही हा विषय शिकलो, तेव्हा गुरुजींची उदाहरणे ग्रहणाची आणि सोयरसुतकाची असत. आज वाचकांपुढे आम्ही एक निराळे उदाहरण ठेवतो. ते घाटरस्त्यावरचे आहे.

असे समजा, की दिवस मावळला आहे. घाटातल्या एका वळणावर खडी सांडलेली आहे. तिच्यावरून एक मोटारसायकल घसरते आणि स्वार दहा-पंधरा हात फरफटत जाऊन कठड्याशी पडतो. डोक्यावर हेल्मेट आहे, पण मांडीतून रक्त वाहते आहे आणि तो कण्हतो आहे. जवळ वस्ती नाही. खिशात मोबाईल आहे, पण डोंगराच्या त्या कुशीत त्याला रेंज नाही. एक जीप येते, जरा मंदावते, निघून जाते. एक मालट्रक येतो, तोही जातो. तिसरे तुम्ही. लग्नाहून घरी परत चालला आहात, गाडीवर मागे मंडळी बसली आहेत, आधीच उशीर झाला आहे. आता सांगा, थांबणे हे तुमचे कोणत्या प्रकारचे कर्म?

बहुतेक माणसे मनातल्या मनात त्याला काम्य कर्म समजतात. केले तर पुण्य, न केले तर काही बिघडले नाही. कोणी थांबलाच, तर 'अगदी देवमाणूस हो' असे आपण म्हणतो. या बोलण्यातच मेख आहे. थांबणाऱ्याला देवमाणूस म्हटले, की निघून जाणारा आपोआप साधा माणूस ठरतो. आणि साधा माणूस असण्यात लाज ती कसली? आमचे म्हणणे असे, की हे नैमित्तिक कर्म आहे. निमित्त पुढ्यात पडलेले आहे, ते कण्हते आहे. ते ओलांडून पुढे जाणाऱ्याला प्रत्यवाय आहे. थांबणाऱ्याने काही मोठा पराक्रम केला नाही. करावयाचे ते केले.

हा प्रश्न क्वचित कधी पडणारा आहे, असे कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांत दुचाकीवरची माणसे शेकडा ४४ हून अधिक होती. आणि वैद्यांचे सांगणे असे, की मोठी इजा झाल्यावरचा पहिला तास फार मोलाचा. त्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याचा संभव सर्वांत अधिक. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा या तासाची व्याख्याच कायद्यात घातली गेली. लोक त्याला सुवर्णतास म्हणतात. शहरात त्यातला बराचसा वेळ हाताशी उरतो. घाटात मात्र तो कोणी पाहण्यात, रेंज शोधण्यात आणि गाडी येण्यात सरतो.

आता या कर्माचा अधिकारी कोण? सुतक कोणाला, तर नात्याने जो सपिंड त्याला. जातकर्म कोणाला, तर जो पिता त्याला. येथे नाते नाही, ओळख नाही. येथे अधिकार येतो तो सान्निध्याने. जो त्या क्षणी तेथे आहे, तो अधिकारी. बाजारपेठेत कोणी पडला तर शंभर माणसे जमतात, आणि त्या शंभरांत प्रत्येकाला वाटते की बाकीचे नव्व्याण्णव आहेतच. घाटात ही सोय नाही. तेथे तुमच्या मागे कोण येईल आणि केव्हा येईल, हे कोणी सांगावे? निर्जन जागेने अधिकाऱ्याची निवड करून ठेवलेली असते. ती तुमची आहे.

दुर्गम जागी पहिली अडचण औषधाची नसते, बातमीची असते. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची बस दरीत कोसळली. आत ३४ जण होते. त्यांतला एकच वाचला. वरच्या रस्त्यावरून कोणी गेला असता तर खाली इतका अनर्थ झाला आहे, हे त्याला दिसण्यासारखे नव्हते. तो एकटा वाचलेला गृहस्थ दरी चढून वर आला, तेव्हा जगाला कळले. मग महाबळेश्वर ट्रेकर्स आदी गिर्यारोहक मंडळी दोर लावून दरीत उतरली. तो अपघात बसचा होता, पण मोटारसायकलवरून एकटा जाणारा दरीत गेला, तर वर चढून सांगणारा कोण? म्हणून कठडा तुटलेला दिसला, रस्त्यावर घसरल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, एखादी चप्पल आडवी पडलेली दिसली, तर थांबून खाली एक हाक घालावी. हाक घालावयास पैसा लागत नाही.

आता पूर्वपक्ष घेऊ. लोक थांबत नाहीत, त्याची कारणे ते सांगतात, आणि ती अगदीच पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

पहिले कारण पोलीस आणि कोर्ट. 'महाराज, उचलायला गेलो तर आपल्याच गळ्यात पडते,' असे आम्ही गावोगाव ऐकतो. ही भीती एके काळी साधार होती. परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी वर्तमानपत्रात आलेली एक हकीकत होती. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. एका सज्जनाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथे त्याला सांगण्यात आले, की हे पोलिसांच्या कक्षेतले प्रकरण, येथे घेता येत नाही. वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तेथे पोचण्यापूर्वीच तो स्वार मेला. बघा, वाटेने जाणाऱ्याने आपले नैमित्तिक कर्म केले होते. ज्यांच्या दारात नेले त्यांनी अधिकाराचा प्रश्न काढला. न्यायालयाने तेव्हा स्पष्ट सांगितले, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, कागद आणि पोलीस मागून.

त्यानंतरही उचलणाऱ्याची भीती गेली नाही, म्हणून सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१२ साली न्यायालयाचे दार ठोठावले. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम सर्व देशाला बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते रक्षण १३४-अ या कलमात आले. आता मदत करणाऱ्याने आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे असे नाही. साक्षीदार व्हावयाचे की नाही, हे त्याच्या इच्छेवर. रुग्णालयाने त्याला अडवून ठेवावयाचे नाही, भरतीसाठी त्याच्याकडे पैसे मागावयाचे नाहीत. सद्भावनेने केलेल्या मदतीत काही उणे-अधिक झाले, तरी त्याच्यावर खटला नाही. जखमीच्या खर्चाचीही काही सोय झाली आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. तेव्हा भीतीचा हा धोंडा वाटेतून पुष्कळसा बाजूला झाला आहे. परंतु कायद्याने धोंडा काढला, गाडीवरून उतरणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. आपला कायदा वाटसरूला 'थांब' म्हणून सक्ती करीत नाही. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये, शक्य असून संकटातल्या माणसाला मदत न करणे हा गुन्हाच आहे. आपल्याकडे तो गुन्हा नाही. पण जो गुन्हा नाही तो दोषही नाही, असे मानू नये.

दुसरे कारण असे सांगतात, की चूक त्याचीच होती. दारू पिऊन चालवत होता, भरधाव चालवत होता, हेल्मेट नव्हते. असेलही. पण अहो, दोषाची चौकशी करणारे निराळे आहेत आणि तिची वेळही निराळी आहे. घर पेटले असता, दिवा कोणी कलंडला याचा निवाडा विहिरीवर घागर भरताना कोणी करीत नाही. रक्त वाहते आहे तोवर तो केवळ जखमी आहे. शुद्धीवर आला, बरा झाला, की मग त्याला अपराधी म्हणा, दंड करा, आम्हीही कीर्तनात चार शब्द सुनावू. मेलेल्याला सुधारता येत नाही.

तिसरे कारण आमच्यासारख्यांच्या तोंडचे आहे, आणि म्हणून ते आम्हांस सर्वांत अधिक टोचते. ते म्हणजे प्रारब्ध. 'ज्याचे त्याचे भोग. त्याचे सरले असेल तर आपण कोण वाचवणार?' हे वाक्य ऐकावयास मोठे वैराग्याचे वाटते. पण नीट तपासा. त्याचे पडणे हे जर प्रारब्ध, तर नेमक्या त्याच वेळी तुमचे त्या वळणावर येणे हे काय? ते त्याच्या प्रारब्धाबाहेरचे कसे? त्याच्या भोगाचा हिशेब तुम्हांला वाचता येत नाही. त्यातले पुढचे पान कदाचित तुमच्याच हाताने लिहावयाचे असेल. आणि दुसरे असे, की हेच बोलणारा मनुष्य स्वतःचा मुलगा पडला तर प्रारब्ध म्हणून स्वस्थ बसतो का? अनवाणी धावत सुटतो. तेव्हा प्रारब्ध हा शब्द शास्त्राने दिला तो स्वतःचे दुःख सोसावयास बळ यावे म्हणून. तो आपल्या जखमेला लावावा. दुसऱ्याच्या जखमेला लावला की त्याचे औषध राहत नाही, निव्वळ पळवाट होते.

चौथे कारण मात्र आम्हांस मान्य आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर बोलले पाहिजे. 'आम्हांला काही कळत नाही. हात लावला आणि तो दगावला तर?' ही शंका प्रामाणिक आहे. दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर दयाच घात करते. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथाची ती कथा आहे, जिला आपण श्रावणबाळाची कथा म्हणतो. पावसाळ्यात, रात्री, शरयूच्या काठी घागर बुडल्याचा आवाज ऐकून राजाने हत्ती समजून बाण सोडला. माणसाची किंकाळी आली. येथे राजाने जे केले, ते आजच्या पुष्कळ गाडीवाल्यांना साधत नाही. रात्र होती, पाहणारा कोणी नव्हता, रथ तयार होता; पण राजा पळाला नाही, जखमीपाशी गेला. तो मुलगा वेदनेने म्हणाला, की बाण काढ. राजा घोटाळला. बाण राहिला तर असह्य यातना, काढला तर प्राण जाईल. अखेर त्याने तो काढला, आणि मुलाने प्राण सोडला. आजचे वैद्यही हेच सांगतात, की शरीरात रुतलेली सळई, काच वा लाकूड उपटू नये. ते तसेच आधार देऊन राहू द्यावे आणि रुग्णालयात नेऊन काढावे.

उलट उदाहरण युद्धकांडात आहे. लक्ष्मण शक्ती लागून पडला, तेव्हा राम शोकाने व्याकूळ झाले. सुषेणाने काय केले? आधी पाहिले. मुखाची कांती कशी आहे, तळहात कसे आहेत, श्वास चालतो की नाही, हृदय हलते की नाही. पाहून मग सांगितले, की हा जिवंत आहे. आणि हनुमंताला वनस्पतीसाठी धाडले. एकजण जखमीपाशी थांबला, एकजण मदतीला गेला. हनुमंताला वनस्पती ओळखता आली नाही, तर तो विचार करीत बसला नाही. शिखरच उचलून घेऊन आला. संकटकाळी वागावयाचा पाठ यात सगळा आला.

तोच पाठ घाटातल्या प्रसंगाला असा लावावा. प्रथम आपली गाडी कडेला घेऊन वळणाच्या दोन्ही अंगांना येणाऱ्यांना इशारा करावा, नाही तर एकाचे तीन होतात. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरावी. थांबले का, हे पाहावयास पुनःपुन्हा उचलू नये. कापड भिजले तर वर दुसरे ठेवावे. मान किंवा पाठ मोडली असण्याचा संभव असतो, म्हणून काखेत हात घालून ओढू नये, उठवून बसवू नये. आग किंवा गाड्यांचा धोका असेल तरच हलवावे, आणि तेही डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून. हेल्मेट ओढून काढू नये. पुढची काच वर करावी, पट्टा सैल करावा. श्वास अडतच असेल, तर मात्र एकाने मान धरून दुसऱ्याने हळूच काढावे. बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे, पण उलटी होते आहे, तर सर्व अंग एकदम वळवून कुशीवर करावे.

आणि एक गोष्ट आमच्या लोकांना फार जड जाईल. त्याला पाणी पाजू नये. तहानलेल्याच्या मुखी पाणी घालणे हे आपण परंपरेने मोठे पुण्य मानतो. पण मोठ्या जखमीच्या घशात ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि पुढे शस्त्रक्रियेलाही अडचण होते. ओठ ओले करावेत, धीर द्यावा, अंगावर पांघरूण घालावे.

बातमी कशी द्यावी, हेही शिकण्याचे आहे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून चालते, ती विनामूल्य आहे. ११२ हा सर्व संकटांचा एक क्रमांक आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि तेथे दुसऱ्या कंपनीची असली, तरी तो लागू शकतो. फोनवर 'घाटात अपघात झालाय, लवकर या' एवढेच सांगून ठेवू नये. कोणता घाट, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता, गाव कोणते, चढताना की उतरताना, माणसे किती, शुद्धीवर आहेत का, हे सांगावे. दोघे असाल तर एकाने थांबावे, एकाने रेंज मिळेल तेथवर जावे. एकटेच असाल तर आधी रक्त बांधावे आणि मग जावे. आणि निरोप पोचला की परत यावे.

काही वर्षांपूर्वी कोकणातून देशावर येताना आम्ही हे सर्व एका धनगराच्या पोराकडून होताना पाहिले. शाळा चार इयत्तांची असावी. त्याने वळणाच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या फांद्या तोडून टाकल्या होत्या. धाकट्या भावाला रेंजसाठी टेकाडावर धाडले होते. स्वतःचे मुंडासे सोडून जखमेवर दाबून धरले होते, आणि त्या स्वाराशी तो शेळ्यांच्या गोष्टी बोलत होता, तो झोपू नये म्हणून. रुग्णवाहिका येऊन गेल्यावर आम्ही विचारले, 'बाळा, तो तुझा कोण?' तो म्हणाला, 'कोन न्हाई जी. वाटंत पडला व्हता.' नैमित्तिक कर्माची याहून नेमकी व्याख्या आम्ही पाठशाळेत ऐकली नाही.

आणखी एक शंका राहते. रात्रीची वेळ, एकटी बाई गाडीवर, आणि लुटारूंनी माणूस आडवा टाकून फसवल्याच्या गोष्टी कानांवर आलेल्या. तिने उतरावे का? आम्ही म्हणतो, शक्तीप्रमाणे कर्तव्य. उतरू नये, पण विसरूही नये. पुढे सुरक्षित जागी जाऊन फोन करावा, पहिल्या वस्तीवर चार माणसे उठवावीत. शक्ती थोडी तर वाटा थोडा. पण तो शून्य कधीच होत नाही. ज्याच्या हातात चालता फोन आहे आणि जो त्याने जखमीचे चित्र काढीत उभा आहे, त्याची शक्ती थोडी म्हणता येणार नाही. चित्र निघते त्याच यंत्रातून १०८ ही लागतो.

शेवटी बक्षिसाचे. जखमीला त्या पहिल्या तासात रुग्णालयात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला सरकारने २०२१ पासून पाच हजार रुपये देऊ केले, आणि २०२५ साली ही रक्कम पंचवीस हजार करून त्याला 'राहवीर' असे नाव दिले. काहींना वाटते, याने नैमित्तिकाचे काम्य झाले. आम्हांला तसे वाटत नाही. मजुराची त्या दिवशीची मजुरी बुडते, कपडे रक्ताने खराब होतात, पेट्रोल जाते. समाजाने त्याची भरपाई केली तर ती त्याने सुखाने घ्यावी. मात्र पंचवीस हजारांसाठी थांबणारा, पैसे मिळणार नाहीत असे दिसताच निघून जाईल. आणि जखमी कदाचित जगणार नाही, बक्षीसही कदाचित मिळणार नाही. पण ज्याने शेवटपर्यंत त्याचा हात धरला, त्याचे कर्म पूर्ण झाले. नैमित्तिकाचे असेच आहे. निमित्ताला सामोरे गेलो की ते पार पडते, फळ आपल्या हाती नाही.

तात्पर्य, वाचकहो, घाटात पडलेला मनुष्य कोणाचा, हा प्रश्न जो प्रथम पोचला त्याच्यापुरता सुटलेला आहे. ग्रहण कधी लागणार, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. हे निमित्त कोणत्याच पंचांगात नसते. म्हणून त्याची तयारी आधीची हवी. गाडीत एक स्वच्छ धोतराची घडी आणि एक बॅटरी असावी. घाटाच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या गावांनी डॉक्टरला बोलावून, जखम कशी दाबावी आणि माणूस कसा उचलावा, हे तरण्या पोरांना एकदा शिकवून घ्यावे. रेंज कोठे मिळते, ते वळणावरच्या दगडावर रंगाने लिहून ठेवावे. एवढे अवश्य करावे, ही सर्वांस विनंती.